नियम वाढवलेलं सुडोकू शेवटी येऊन फुटतं, तेव्हा चूक कुठे शोधायची

गेल्या रविवारी सकाळी साडेनऊला शेजारचे काका कागद घेऊन दारात उभे होते. "अगं, हे छापतानाच चुकलंय बघ. वरच्या मधल्या चौकोनात तीन घरं रिकामी आहेत आणि तिन्हींत ७ बसत नाही."

कागद बघितला. घोड्याचं सुडोकू होतं. म्हणजे नेहमीचे सगळे नियम, शिवाय बुद्धिबळातला घोडा ज्या घरावरून ज्या घरावर जातो, त्या दोन घरांत एकच आकडा चालत नाही. निम्म्याहून जास्त ग्रिड भरलेलं, खाडाखोड जवळजवळ नाही, आकडे सुवाच्य. आणि तरी कोडं फुटलेलं.

हे दुखणं एकट्या काकांचं नाही. पेपरातलं साधं सुडोकू वर्षानुवर्षं चहाबरोबर सोडवणारी माणसं केज (ठरावीक बेरजेचं कुंपण), थर्मो (गोलापासून टोकाकडे आकडे वाढत जाणारी रेघ), बाण (त्यावरच्या आकड्यांची बेरीज त्याच्या गोलात येते), घोडा अशा प्रकारांकडे वळली की बहुतेकांची हीच तक्रार सुरू होते. सुरुवात छान होते, मधे वेग येतो, आणि शेवटच्या वीस-पंचवीस घरांत एखादा आकडा बसेनासा होतो. मग सगळं खोडायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, आणि पुन्हा त्याच जागी येऊन अडकायचं. मीही दोन वर्षं हेच करत होते. नंतर फुटलेले कागद टाकून न देता एका फोल्डरमध्ये ठेवायला लागले आणि वेळ मिळेल तसं एकेक कागद घेऊन मागे मागे जात चूक नेमकी कुठे झाली ते शोधलं. पुढचं सगळं त्यातून आलेलं आहे.

घरांची नावं मी आर५सी५ अशी लिहिते आहे. आर म्हणजे आडवी ओळ, वरून मोजायची. सी म्हणजे उभी ओळ, डावीकडून मोजायची. आर५सी५ म्हणजे ग्रिडचं बरोबर मधलं घर. चौकोन म्हणजे तीन बाय तीनचा.

आधी कागद आणि नियम

कोडं मुळात चुकीचं आहे, अशी शंका सगळ्यांना सगळ्यात आधी येते. चांगल्या ठिकाणचं कोडं सहसा चुकीचं नसतं. पण तुमच्या हातातली प्रिंट चुकीची असू शकते, आणि हे मला फार उशिरा कळलं. मागच्या पावसाळ्यात पुण्यात कर्वे पुतळ्याजवळून मी पंधरा-वीस कोड्यांच्या प्रिंट काढून आणल्या. पैसे वाचावेत म्हणून काळ्या-पांढऱ्या. आता गंमत अशी आहे की रेघांच्या प्रकारांत रंग म्हणजेच नियम असतो. बहुतेक रचनाकार 'जर्मन व्हिस्पर' हिरव्या रेघेने दाखवतात: रेघेवरच्या शेजारच्या दोन आकड्यांत किमान ५ चा फरक हवा. 'रेनबान' जांभळ्या रेघेने दाखवतात: रेघेवरचे आकडे लागोपाठचे हवेत, क्रम कसाही चालेल. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये दोन्ही रेघा सारख्याच करड्या येतात. व्हिस्परवर ५ कधीच येऊ शकत नाही, कारण ५ पासून ५ ने लांब असलेला आकडा १ ते ९ मध्ये नाहीच. उलट पाच घरांच्या रेनबानवर ५ असतोच असतो. १ ते ५ घ्या, नाहीतर ५ ते ९, किंवा मधलं काहीही, ५ सुटत नाही. एकाच करड्या रेघेचे असे बरोबर उलटे दोन अर्थ. त्या गठ्ठ्यातल्या तीन कोड्यांशी मी आठवडाभर झगडत बसले होते. तेव्हापासून प्रिंट रंगीत काढते, किंवा प्रत्येक रेघेवर स्केचपेन फिरवून घेते. ठिपक्यांच्या कोड्यांत दोन घरांमधला पांढरा ठिपका म्हणजे लागोपाठचे आकडे, काळा म्हणजे एक दुसऱ्याच्या दुप्पट. झेरॉक्सवर पांढऱ्या ठिपक्यात करडेपणा भरतो आणि तो काळा वाटतो, थर्मोचा गोल पानाच्या कडेला कापला जातो, हेही बघून घ्या.

त्यानंतर नियम. मोठ्याने वाचा. खरंच, ओठ हलवून वाचा. जागतिक सुडोकू स्पर्धेत (भारतात ती २००८ साली गोव्यात आणि २०१७ साली बंगळुरूत झाली) खेळाडूंना नियमांची पुस्तिका आधीच मिळते. घरी आपण तो मजकूर तीन सेकंदांत नजरेखालून घालतो आणि पेन्सिल उचलतो.

सगळ्यात जास्त घोळ केज आणि बाण यांत होतो. दोन्हींत बेरीज आहे, म्हणून नियमही सारखेच असतील असं वाटतं. केजमध्ये, म्हणजे किलर सुडोकूच्या तुटक रेघेच्या कुंपणात, आकडा सहसा पुन्हा येत नाही. बाणावर तशी अट नसते. बाणावरची दोन घरं एका ओळीत किंवा एका चौकोनात नसतील, तर तिथे तोच आकडा दोनदा चालतो. तीन घरांचा बाण पूर्ण एका चौकोनात असेल तर कमीत कमी बेरीज १+२+३, म्हणजे ६, आणि गोलात ६ पेक्षा लहान काही येणार नाही. तोच बाण वळून दुसऱ्या चौकोनात गेला आणि त्याची दोन टोकं एकमेकांना दिसत नसली, तर १+२+१ चालतं आणि गोलात ४ सुद्धा बसतो. "तीन घरं, म्हणून गोलात ६ च्या पुढे" असं डोळे मिटून लिहिलं की कोडं तिथेच मेलं, फक्त कळतं अर्ध्या तासाने.

ठिपक्यांच्या कोड्यात एक वाक्य शोधायचं: सगळे ठिपके दिले आहेत की त्यातले फक्त काही? सगळे दिले असतील तर ठिपका नसणं हीसुद्धा माहिती आहे. शेजारच्या घरांत लागोपाठचे किंवा दुप्पट आकडे तिथे येऊ शकत नाहीत. फक्त काही दिले असतील तर रिकाम्या कडेवरून कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही. हे वाक्य न वाचता सोडवलेले चार कागद माझ्या फोल्डरमध्ये आहेत.

आकडा लिहिला, नियम फिरवला नाही

कागद ठीक, नियमही ठीक, तरी फुटतं, तेव्हा माझ्याकडच्या कागदांत सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण हे आहे. साध्या सुडोकूत आकडा लिहिला की नजर आपोआप तीन ठिकाणी जाते: आडवी ओळ, उभी ओळ, चौकोन. ते शिकवावं लागत नाही, सवयीने होतं. वाढीव नियमाची तशी सवय नसते. तो आठवावा लागतो, आणि वेग आला की आठवणं मागे पडतं. मग कोडं साध्या सुडोकूसारखं सोडवलं जातं आणि वाढीव नियम मधूनमधून, सुचेल तेव्हा, तपासणीसाठी वापरला जातो.

पण या कोड्यांत माहितीचा मोठा साठा त्या नियमातच असतो. साध्या सुडोकूला एकच उत्तर हवं असेल तर किमान १७ आकडे छापावे लागतात. १६ आकड्यांत ते होत नाही, हे डब्लिनचे गणितज्ञ गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली संगणकावर सगळी मुळातून वेगळी ग्रिडं धुंडाळून दाखवलं. आणि २०२० साली मिचेल ली यांनी रचलेल्या एका कोड्यात छापील आकडे होते फक्त दोन, एक १ आणि एक २. बाकी सगळं ग्रिड तीन नियमांनी भरतं: घोड्याच्या चालीवर तोच आकडा नाही, राजाच्या चालीवर तोच आकडा नाही, आणि आडव्या-उभ्या शेजाऱ्यांत लागोपाठचे आकडे नाहीत. 'क्रॅकिंग द क्रिप्टिक' या यूट्यूब चॅनेलच्या सायमन अँथनी यांनी ते कॅमेऱ्यासमोर सोडवलं, तो व्हिडिओ जरूर बघा. बराच वेळ ते आकडा लिहीतच नाहीत, नुसता नियम फिरवत राहतात.

तेव्हा क्रम उलटा करा. आकडा लिहिला की आधी वाढीव नियम, मग ओळी आणि चौकोन. ओळी-चौकोन कुठे पळून जात नाहीत, त्यांची सवय आहेच.

घोड्याच्या सुडोकूत हे प्रत्यक्ष करून बघा. आर५सी५ मध्ये ७ लिहिला आहे असं समजा. तिथून घोडा आठ घरांवर जातो, आणि ती आठही घरं शेजारच्या चौकोनांत आहेत. वरच्या मधल्या चौकोनात काय झालं? सी५ ची तीन घरं उभ्या ओळीमुळे गेली. आर३सी४ आणि आर३सी६ घोड्यामुळे गेली. नऊपैकी चारच उरली: आर१सी४, आर२सी४, आर१सी६, आर२सी६. खालच्या, डावीकडच्या आणि उजवीकडच्या चौकोनांतही तसंच, चार-चार घरं. एका आकड्याने एवढं काम केलं. आता उलट टोक बघा. आर१सी१ मधून घोडा दोनच घरांवर जातो, आर२सी३ आणि आर३सी२, आणि ती दोन्ही त्याच चौकोनात आहेत. म्हणजे कोपऱ्यातल्या आकड्याचा घोड्यासाठी काडीचाही उपयोग नाही. हे एकदा नीट समजलं की कुठल्या आकड्यामागे वेळ घालवायचा ते कळतं. मधले आकडे आधी.

अडीच घरं मोजताना बोट ठेवा. नजरेने मोजलं की तिरकं घर धरलं जातं किंवा एक घर जास्त उडी बसते. काका तीस वर्षं बुद्धिबळ खेळतात, तरी त्यांचंही चुकतं, कारण पटावर काळी-पांढरी घरं मदत करतात आणि सुडोकूत सगळी पांढरी.

व्हिस्परच्या रेघेवर हाच विचार वेगळ्या रूपात लागतो. ४ चा शेजारी फक्त ९ असू शकतो, ६ चा फक्त १. म्हणून ४ रेघेच्या मधे आला तर त्याच्या दोन्ही बाजूंना ९ येणार. ती दोन्ही घरं एका चौकोनात किंवा एका ओळीत असतील, तर ४ तिथे बसूच शकत नाही. रेघ हातात आली की एकही आकडा माहीत नसताना ४ आणि ६ कुठे बसणार नाहीत हे आधी खोडून घ्यावं. मी हे न करता पुढे जायचे, आणि तो ४ अगदी शेवटी नको तिथे बसलेला सापडायचा.

बारीक आकड्यांचा गोंधळ

पेन्सिलीने लिहिलेले बारीक आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. एक: "या चौकोनात ७ फक्त या दोन घरांत येऊ शकतो." दुसरी: "या घरात फक्त ३ किंवा ८ येऊ शकतो." पहिली गोष्ट आकड्याबद्दल आहे, दुसरी घराबद्दल. मी पहिलीसाठी घराच्या कोपऱ्यात लिहिते, दुसरीसाठी मधोमध. दोन्ही एकाच ठिकाणी लिहिलं की दहा मिनिटांनी आपलंच लिखाण आपल्याला चुकीचं सांगायला लागतं.

याहून घातक म्हणजे अर्धवट नोंद. चौकोन तपासायला घेतला, दोन घरांत बारीक ७ लिहिला, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. परत आल्यावर ते दोन ७ "फक्त इथेच" असं वाचले जातात, पण तिसरं घर बघायचं राहूनच गेलेलं असतं. साध्या सुडोकूत असली चूक कधीकधी निभावते. इथे नाही, कारण इथे जोडीची सावली लांब पडते. मधल्या चौकोनात ७ आर४सी४ किंवा आर४सी६ मध्येच आहे असं धरा. आडवी ओळ तर गेलीच. पण घोड्याच्या नियमामुळे आर२सी५ ला ही दोन्ही घरं दिसतात. आर३सी४ च्या बरोबर खाली, त्याच उभ्या ओळीत, आर४सी४ आहे आणि आर४सी६ वरून घोडा तिथे येतो. आर३सी६ चं उलट बाजूने तसंच. ७ नेमका कुठे ते ठरलेलं नाही, तरी वरच्या चौकोनातली तीन घरं त्याला बंद झाली. ही युक्ती फार कामाची आहे. पण जोडी खोटी असेल तर तीच युक्ती खोटेपणा चौकोनाबाहेर पसरवते. म्हणून माझा स्वतःपुरता नियम: नऊच्या नऊ घरं बघून होईपर्यंत कोपऱ्यात काही लिहायचं नाही, आणि मधेच उठावं लागलं तर त्या चौकोनातल्या नव्या नोंदी खोडून उठायचं.

एक कारण मुरलेल्या लोकांसाठी. साध्या सुडोकूत दोन आडव्या ओळी, दोन उभ्या ओळी आणि दोन चौकोन यांत चार घरांचा आयत असेल, तर त्या चारही घरांत तेच दोन आकडे असू शकत नाहीत असं आपण म्हणतो, कारण मग अदलाबदल करून दोन उत्तरं येतील. ही युक्ती वाढीव नियमांच्या कोड्यांत जशीच्या तशी वापरू नका. त्या चारांपैकी एखादं घर थर्मोवर, केजमध्ये किंवा कर्णावर असेल, तर अदलाबदल तो नियम आधीच रोखू शकतो, मग दोन उत्तरं येतच नाहीत, आणि तुमचा निष्कर्ष हवेत राहतो. या एका युक्तीपायी मी चांगली कोडी वाया घालवली आहेत. आता या प्रकारांत ती वापरतच नाही.

फुटल्यावर काय करायचं

सगळं खोडू नका. फुटलेली जागा सुद्धा माहिती देते. काका पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. ते स्वतःच सांगतात की पार्ट जिथे अडकतो तिथे तो बिघडलेला नसतो, आधीच्या कुठल्यातरी मशीनवर बिघडलेला असतो. कोड्याचंही तेच आहे. अडकलेल्या चौकोनातल्या प्रत्येक रिकाम्या घराला विचारा: तुला कोणी अडवलं? जे आकडे अडवतात त्यांची नावं कागदाच्या कडेला लिहा. मग त्या प्रत्येक आकड्याला विचारा: तू इथे का? उत्तर "कारण" ने सुरू होणाऱ्या एका वाक्यात आलं पाहिजे. छापील असेल तर प्रश्नच मिटला. ज्याचं वाक्य अडखळतं, तिथून आणखी एक पायरी मागे. बहुतेक वेळा तीन-चार पायऱ्यांत चूक सापडते.

यासाठी रंग मोठी मदत करतात. अप्पा बळवंत चौकातून हिरवी, निळी आणि लाल अशा तीन पेन्सिली आणून ठेवा. पहिले पंधरा आकडे हिरवे, पुढचे पंधरा निळे, मग लाल. चूक निळ्यात निघाली तर हिरवं तसंच राहतं. मोबाइलवर सोडवत असाल तर अ‍ॅपचं चूक दाखवणारं बटण दाबू नका. ते चुकीचा आकडा लाल करून दाखवतं, पण तो तिथे का आला हे सांगत नाही, आणि पुढच्या कोड्यात तुम्ही तेच करता.

काकांच्या कागदावर सगळं एकाच पेन्सिलीचं होतं, त्यामुळे आम्हाला विचारत विचारतच जावं लागलं. रिकामी घरं तीन: आर१सी४, आर२सी५, आर३सी६. आर१सी४ ला आर८सी४ मधल्या ७ ने अडवलं होतं. तो ७ का? "कारण खालच्या मधल्या चौकोनात त्याला तेवढं एकच घर होतं." तपासलं, बरोबर होतं. आर३सी६ ला आर३सी९ च्या ७ ने अडवलं होतं, तो छापील. आर२सी५ ला अडवत होता आर४सी६ चा ७, घोड्याच्या चालीने.

"काका, आर४सी६ मध्ये ७ का लिहिलात?"

"कारण त्या चौकोनात तो आर४सी४ नाहीतर आर४सी६ मध्येच होता. खाली आर८सी४ मध्ये ७ आला, म्हणून आर४सी४ गेलं."

"आणि दोनच घरं होती हे कशावरून?"

"बारीक ७ दोनच आहेत ना." एवढं बोलून ते थांबले. आर५सी६ वर बोट ठेवलं. ते घर अजून रिकामंच होतं. त्यांनी आडवी ओळ बघितली, उभी ओळ बघितली, मग अडीच घरं मोजली. कुठेही ७ आड येत नव्हता. "इथपर्यंत मी गेलोच नव्हतो. दूधवाला आला होता तेव्हा."

आर४सी६ चा ७ खोडला. त्याच्या आधाराने लिहिलेले सहा आकडे खोडले. त्यातले चार नंतर वेगळ्या कारणाने तिथेच परत आले. आर५सी६ मध्ये ७ गेला आणि आर२सी५ मोकळं झालं. तो ७ काकांनी लिहिला आणि कोणी सांगायच्या आधीच त्यावर बोट ठेवून अडीच घरं मोजायला सुरुवात केली.